कौले मागच्या पाख्याची का उडाली?

पत्र : आमचे सासरचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे पडवी. 2020 च्या निसर्ग वादळात पडवीची कौले गेली, तेव्हा तिथे पत्रा टाकून घेतला. यंदा मेअखेरच्या वादळात तो पत्रा लोखंडी पाइपांसकट उडाला आणि शेजाऱ्यांच्या पोफळीत जाऊन पडला. कोणाला लागले नाही एवढेच नशीब. वारा समुद्राकडून होता, पण घराची कौले उडाली ती मागच्या, डोंगराकडच्या पाख्याची (छपराच्या उताराची), साधारण दीडशे. समोरच्या पाख्याचे एकही हलले नाही. आता ठेकेदार म्हणतो सगळी कौले काढून पत्रा टाका, धाकटे दीर म्हणतात एकदाचा स्लॅब टाकू, आणि सासरे म्हणतात मी असेपर्यंत कौलेच राहतील. सासू-सासरे तिथे दोघेच असतात, आम्ही डोंबिवलीत. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक

ताई, तिघांपैकी कोणाचे ऐकायचे ते सांगतोच. पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीत अर्धे उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. वारा पुढून आणि कौले मागची गेली, असे तुम्ही लिहिले आहे. मी चौतीस वर्षे घरांच्या दुरुस्तीची कामे केली. वादळानंतर दर चार घरांपैकी एका घरात हे कोडे कोणी ना कोणी घालतेच. काही जण त्यावरून घराची दिशा चुकली इथपर्यंत जातात.

छपराचे आणि वाऱ्याचे भांडण आपल्याला वाटते तसे नसते. आपल्याला वाटते वारा छपराला ढकलतो, दाबतो. प्रत्यक्षात तो छप्पर उचलतो. समोरून आलेला वारा पुढच्या पाख्यावर आपटतो, वर चढतो, आढ्यावरून, म्हणजे छपराच्या माथ्यावरून, पलीकडे झेपावतो आणि तिथे मागच्या पाख्याला चिकटून खाली उतरत नाही. तो सुटतो, आणि त्याच्याखाली मागच्या पाख्यावर हवेचा दाब कमी होतो. घरातली हवा मात्र जागच्या जागी असते. खालून दाब जास्त, वरून कमी, म्हणजे कौलाला वर ओढ बसते. तुमच्या घरासारखा चांगला उतार असलेल्या छपराच्या पुढच्या पाख्यावर ही ओढ फारशी नसते. मागच्या पाख्यावर, आढ्यालगत, कोपऱ्यांत आणि वळचणीच्या (छपराच्या खालच्या) कडेला ती सगळ्यात जास्त असते. तुमच्या सासऱ्यांना विचारा, पहिली कौले आढ्याजवळची गेली की नाही. मी पैजेवर सांगतो, मधली गेली नसतील.

ही ओढ किती असते त्याचा ढोबळ हिशेब देतो, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरला साधारण 17 किलोचा जोर, तर 120 च्या वाऱ्यात 68 किलोचा. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले, तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी 120 च्या आसपास होते. म्हणजे दहा बाय बाराच्या एका खोलीवरच्या छपराला पाऊण टनाची ओढ. त्याच खोलीवरच्या पत्र्याचे स्वतःचे वजन जेमतेम 50 किलो भरते. एक मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला पंधराएक लागतात. त्याच खोलीवर कौलांचे वजन होते चारशे किलोंच्या वर. शिवाय कौलांच्या फटींतून थोडी हवा निसटते, म्हणून खालचा दाब साठत नाही. पत्र्याला फटी नसतात.

आता बघा, कौल वजनाने बसलेले असते आणि पत्रा बांधल्याने. कौल हरले तर दीडशे हरतात आणि बाकीची जागेवर राहतात. पत्रा हरला तर सगळा एकदम जातो, आणि जाताना दुसऱ्याच्या घरात जातो. तुमच्याकडे दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या, यापेक्षा स्पष्ट दाखला मी शोधूनही आणला नसता.

पण म्हणून पत्रा वाईट असे मी म्हणत नाही. तुमच्या पडवीचा पत्रा पाइपांसकट उडाला, याचा अर्थ नीट वाचा. पत्रा पाइपाला ज्या स्क्रूंनी धरला होता ते टिकले. तुटले ते पाइप आणि खांब यांच्यामधले. बहुतेक वेळा तिथे वेल्डिंगचा एखादा टाका असतो, किंवा पाइप लाकडी खांबावर नुसता टेकवून दोन खिळ्यांत अडकवलेला असतो. पावसाचे वजन खाली दाबते तेव्हा हे चालते. वारा वर ओढतो तेव्हा तोच सांधा पहिला सुटतो. त्यातून पडवी तीन बाजूंनी उघडी. वारा तिच्या पोटात शिरतो, वरून ओढतो तसा खालून ढकलतोही. घरात सगळ्यात जास्त मार पडवीला बसतो आणि आपण सगळ्यात हलके काम तिथेच करतो, कारण ‘पडवीच तर आहे’.

छप्पर म्हणजे साखळी असते. पत्रा किंवा कौल रिपेला (आडव्या पट्टीला), रीप वाशाला (उतरत्या लाकडाला), वासा भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडाला, ते लाकूड भिंतीला, भिंत जोत्याला. यातली एक कडी कच्ची असली तर बाकीच्या कितीही पक्क्या करा, उपयोग नाही. ठेकेदार नेहमी वरची कडी पक्की करतो, कारण ती दिसते. जाड पत्रा, रंगीत पत्रा, दहा वर्षांची हमी. वासा भिंतीला कशाने बांधलाय, हे विचारणारा गिऱ्हाईक मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिले. जुन्या चिऱ्याच्या घरांत बहुतेक ठिकाणी उत्तर असते : कशानेच नाही. वासे वजनाने बसलेले असतात. वर चारशे किलोची कौले असतात तोवर हे निभावते. तीच कौले उतरवून त्याच वाशांवर 50 किलोचा पत्रा टाकलात, तर सगळे छप्पर हलके झाले आणि बांधलेले मात्र काहीच नाही. ठेकेदाराच्या सूचनेतला खरा धोका हा आहे. तो पत्र्याचा भाव सांगेल, वासे बांधण्याचा सांगणार नाही.

दिरांच्या स्लॅबबद्दल थोडक्यात. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला तीनशे किलोंच्या पुढे जाते, म्हणजे कौलांच्या आठपट. मातीत किंवा चुन्यात रचलेल्या चिऱ्याच्या भिंतींवर ते टाकायचे नाही. त्यासाठी खांब, पाये, तुळया सगळे नवे लागते. ते दुरुस्ती नव्हे, नवे घर झाले. ते बांधायचे तर जरूर बांधा, पण वादळाच्या भीतीने आणि घाईने नको. आणि एक गंमत सांगतो. कोकणात स्लॅब पाचसहा पावसाळ्यांत गळायला लागतो, मग त्यावर गळतीसाठी पत्र्याची शेड उभारतात, लोखंडी खांबांवर, चारही बाजूंनी उघडी. पुढच्या वादळात ती उडते. ज्या वाऱ्याला घाबरून कौले काढली, त्याच्यासाठी गच्चीवर नवे खेळणे ठेवल्यासारखे.

म्हणजे सासऱ्यांचे ऐका, पण पूर्ण नाही. त्यांचे म्हणणे ‘कौलेच राहतील’ इथे संपते. माझे ‘बांधलेली कौले राहतील’ असे आहे.

आता काय करायचे ते सांगतो. पाऊस तोंडावर आला आहे, तेव्हा आत्ताचे आणि दिवाळीनंतरचे अशी दोन कामे धरा.

आत्ता पहिले काम म्हणजे फोटो. ताडपत्री टाकण्याआधी उडालेला पाखा, पडलेली कौले, पोफळीतला पत्रा, आत भिजलेल्या भिंती आणि सामान, सगळ्याचे फोटो तारखेसह काढून ठेवायला सांगा. तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतील तेव्हा ते हवेत. केंद्राच्या आपत्ती मदतीच्या 2022-23 ते 2025-26 च्या निकषांत पक्क्या घराचे अंशतः नुकसान निदान 15 टक्के असेल तर 6,500 रुपये, कच्च्या घराला 4,000 रुपये असे ठरलेले होते. राज्य सरकार कधी त्यात भर घालते. रक्कम मोठी नाही, पण पंचनाम्याचा कागद हातात असणे मोठे आहे. ‘दीडशे कौले गेली’ एवढेच सांगू नका. पडवीचे छप्पर पूर्ण गेले हे त्यात नोंदवून घ्या. टक्केवारी तिथे भरते. विमा नसेल तर दिवाळीपर्यंत चौकशी करा : 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी असते आणि तिच्यात वादळ, चक्रीवादळ, पूर, दरड हे सगळे येते.

दुसरे, वर कोणी चढायच्या आधी मेन स्विच बंद, आणि खांबावरून येणारी वायर वीज कंपनीकडून बंद करून घ्या, मेन स्विचने ती बंद होत नाही. खांबावरून घरात आलेली वायर वळचणीला किंवा पत्र्याला घासून सोललेली असते आणि ओल्या पत्र्यात करंट उतरतो. तुमच्या सासऱ्यांचे वय तुम्ही लिहिलेले नाही, पण अंदाज आला. त्यांना कौलांवर चढू देऊ नका. शेवाळलेले कौल ओल्यात साबणासारखे असते. पडवीच्या बाजूला कुठे सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर तर कोणीच थेट पाय ठेवायचा नाही, तो पाहता पाहता फुटतो; फळी टाकून, खाली पाइप आहे त्या बोल्टच्या ओळीवरूनच चालायचे. आणि जुना फुटलेला सिमेंट पत्रा हातोडीने बारीक करून भरू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असते, धूळ फुप्फुसात जाते. आधी पाणी मारायचे, मोठे तुकडे तसेच उचलायचे, बारीक धूळ अडवणारा N95 सारखा मास्क लावून; नुसते फडके पुरत नाही.

मागच्या पाख्याची कौले पावसाळ्यातही बसवता येतात. दोन कोरडे दिवस पुरतात. तोवर ताडपत्री लागेल. ती आढ्याखालून सुरू करू नका, पाणी तिच्याखाली शिरते. आढ्यावरून पलीकडे पुढच्या पाख्यावर निदान तीन-चार फूट यायला हवी. कौलांत खिळे ठोकायचे नाहीत. दोन्ही बाजूंना दोर लावून वाळूच्या पिशव्या बांधा, सुटे दगड ठेवू नका. पुढच्या वाऱ्यात ते घरंगळून कोणाच्या तरी डोक्यावर येतील.

गळती शोधायची सोपी रीत सासूबाईंनाही जमेल. भर दुपारी दारे-खिडक्या लावून, दिवे बंद करून वर बघायचे. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल ते कौल सरकलेले किंवा तडकलेले. खडूने खालच्या वाशावर खूण करायची. पाणी जिथे टपकते तिथे भोक असेलच असे नाही. ते रिपेवरून वाशावर आणि वाशावरून खाली येते, म्हणून शोध नेहमी वरच्या अंगाला घ्यायचा. माझ्या लहानपणी मृगाआधी घर शाकारले की आई हेच करायची. खडूऐवजी तिच्याकडे चुन्याची डबी असे.

पडवीवर आत्ता पत्रा चढवू नका. या पावसाळ्यात पुढच्या भिंतीला झड लागू नये म्हणून झावळ्यांचे झाप उभे करा, जुने तेच बरे. घाईत टाकलेला पत्रा पुन्हा त्याच खांबांवर त्याच दोन खिळ्यांत बसेल.

आता दिवाळीनंतर. लाकूड वाळलेले असते, तेव्हा प्रत्येक वाशाची टोके स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायची, विशेषतः भिंतीत शिरलेली. ऐन-किंजळाचे जुने लाकूड वरून काळे दिसते पण आत कडक असते. उलट वरून रंगवलेले गुळगुळीत लाकूड आतून वाळवीने पोखरलेले सापडते. स्क्रूड्रायव्हर अर्धा इंच आत गेला तर तो वासा बदला. जितके चांगले असेल तितके ठेवा.

मग बांधणी. प्रत्येक वाशावरून लोखंडी पट्टी उलट्या यू सारखी घ्यायची, दोन्ही बाजूंनी भिंतीवर दोन-तीन फूट खाली आणायची आणि आरपार बोल्टने आवळायची. चिऱ्यात नुसता प्लग ठोकून स्क्रू मारणे कामाचे नाही, चिरा भुसभुशीत असतो. पैसे असतील तर भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवून त्यात सळ्या सोडून ठेवा, त्या वाशांना आवळा. हे काम पत्र्यापेक्षा महाग पडत नाही, फक्त दिसत नाही. ‘भारतीय मानक 15498’ म्हणून कमी उंचीच्या घरांना चक्रीवादळात टिकवण्याची मार्गदर्शक पुस्तिका 2004 पासून आहे. तुमच्या दिरांना इंटरनेटवर शोधायला सांगा, स्लॅबच्या हट्टातून थोडे बाहेर पडतील.

कौलांचे म्हणाल तर सगळी बांधायची गरज नाही. आढ्यालगतच्या दोन ओळी, वळचणीच्या दोन आणि दोन्ही टोकांच्या उभ्या कडा. मंगलोरी कौलांपैकी बऱ्याच कौलांच्या पाठीला बारीक भोक असते. गवंड्यांच्या दोन पिढ्यांना ते कशासाठी आहे हेच माहीत नाही. त्यातून गंज न धरणारी तार ओवून रिपेला पिळायची. आढ्यावरच्या कोन्यांना (आढे झाकणाऱ्या कौलांना) चांगला मसाला, पण सिमेंट जास्त नको, नाहीतर तडकतो.

पडवीला पत्राच हवा असेल तर हरकत नाही, पण तिचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे आणि थोडे खाली ठेवा, म्हणजे पडवी गेलीच तर घराला बरोबर घेऊन जाणार नाही. खांब जोत्यात काँक्रीटमध्ये गाडलेला हवा, पाइप खांबाला प्लेट आणि बोल्टने. वळचणीच्या, कडेच्या आणि वरच्या रांगेत पत्र्याच्या प्रत्येक उंच वळीवर स्क्रू, मधल्या रांगांत एकाआड एक. वायसर रुंद घ्या. पत्रा बहुतेक वेळा स्क्रू उपटून निघत नाही, स्क्रूच्या डोक्याभोवती फाटून निघतो. वाऱ्यात तो तासन्‌तास फडफडतो आणि त्या भोकाभोवती बारीक तडे जातात, तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तसे. 1974 च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातली बहुतेक घरे ट्रेसी चक्रीवादळाने मोडली, तेव्हा पत्र्याच्या छपरांचे नेमके हेच झाले होते. म्हणून यंदा उडालेला पत्रा सरळ करून पुन्हा वापरायचा नाही. ठेकेदार म्हणेल ‘अजून चांगला आहे’. कोंबड्यांच्या खुराड्याला चांगला आहे.

एक गैरसमज राहिला. कोकणात जुनी माणसे म्हणतात वादळात समोरासमोरची दारे उघडी ठेवा, वाऱ्याला वाट द्या. तुमच्या सासऱ्यांनी यंदा तसे केले असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण समुद्राकडचे दार उघडे असले की हवा घरात भरते आणि कौलांना खालून ढकलते. सगळे बंद ठेवायचे, समुद्राकडचे आधी. पाण्याची टाकी वर असेल तर भरून ठेवायची. रिकामी टाकी फुग्यासारखी जाते. घरावर झुकलेल्या फांद्या मेच्या सुरुवातीला छाटायच्या, झाड तोडायचे नाही. वादळ अंगावरच यायला हवे असेही नाही. 2021 च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकणाला समांतर वर निघून गेले आणि गुजरातेत किनाऱ्यावर चढले, तरी जाता जाता सिंधुदुर्गापासून आपल्या कौलांची पाने पिसून गेले.

शेवटी कौले कुठून आणायची. दीडशे नवी कौले आणाल तर ती जुन्यांत बसतीलच असे नाही; प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा असतो आणि कडेची खाच जुळली नाही की तिथेच गळते. कौल उलटे करून पाठीवरचा छाप बघा. मंगळूरला 1865 मध्ये बासेल मिशनने पहिला कारखाना काढला, त्यानंतर कितीतरी झाले, आणि बहुतेकांनी आपले नाव किंवा चिन्ह कौलावर उठवलेले असते. गावात सध्या जे कोणी कौले उतरवून पत्रा टाकत आहेत, त्यांच्याकडे तोच छाप शोधा. दोनशे घ्या, पन्नास मांगरात (घराबाहेरच्या खोपटात) रचून ठेवा, उभी, आडवी नको.

आणि ठेकेदाराला एवढे जरूर विचारा, की सगळी कौले उतरवली तर ती आणि जुने लाकूड कोण नेणार. अशा मालाला फार्महाउसवाले बरा भाव देतात. त्याच्या अंदाजपत्रकात याची ओळ असेल तर मला कळवा.